बाभळीवरचा चांद

ईद एक दिवस आधी आणायचा प्रयत्न आमच्या गावात आजवर एकाच माणसाने केला आहे. त्या माणसाला त्याची आई अजूनही जेवायला वाढते, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

मुळात मी आभारी माणूसच आहे. आठवीत शाळा सुटली (शाळेचं म्हणणं, तिनेच मला सोडलं), तेव्हापासून जो कोणी काही देईल त्याचे आभार मानायची सवय लागली. गुजरातेत मोरबीला टाईल्सच्या कारखान्यात भट्टीवर काम मिळालं, आभार मानले. राहायला खोली मिळाली. तिच्यात आधीच इतके जण होते की कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलावी लागे. तरी आभार मानले. लागोपाठ तीन ईद सुट्टी मिळाली नाही, तेव्हा 'निदान कामावरून तर काढलं नाही' म्हणून आभार मानले. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर त्याला संत म्हटलं असतं. मला सुपरवायझर 'ढिला' म्हणतो.

चौथ्या वर्षी मात्र सेठ पाघळला. त्याच्या टेबलामागच्या कॅलेंडरात गुरुवारच्या चौकोनात लाल अक्षरांत ईद छापली होती. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "गुरुवारी सकाळी ईद कर, संध्याकाळी गाडीत बस. शुक्रवारच्या रात्रपाळीला मला भट्टीवर पाहिजेस. तुझ्या जागेवर जो उभा राहील, त्याला पुढे बहिणीच्या लग्नाला जायचंय."

मी आभार मानले आणि तिथल्या तिथे गुरुवार संध्याकाळचं, चिखलीहून निघणाऱ्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं. घाबरट माणूस घरी जायच्या आधी परत यायचं तिकीट काढतो.

फक्त एक गोष्ट सेठला सांगायची हिंमत झाली नाही. चांद त्याचं कॅलेंडर वाचत नाही! बुधवारी, म्हणजे एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी, चांद दिसला तर गुरुवारी ईद. नाही दिसला तर तीस रोजे पुरे करायचे आणि ईद शुक्रवारी. म्हणजे शुक्रवारी सकाळी सगळं गाव नवे कपडे घालून ईदगाहवर, अब्बांच्या शेजारची जागा याही वर्षी रिकामी, आणि मी गुजरातेतल्या कुठल्यातरी ढाब्यावर ट्रॅव्हल्सच्या क्लीनरला 'ईद मुबारक' म्हणत उभा!

सांगायचं म्हणजे माझी चौथी ईदही त्या नखाएवढ्या कोरीवर लटकली होती.

(एक खुलासा. आमच्या घरात जी भाषा चालते ती उर्दूवाल्यांना मराठी वाटते आणि मराठीवाल्यांना उर्दू. मी सगळ्यांच्या सोयीसाठी सगळ्यांना वऱ्हाडीत बोलायला लावतोय. मौलानासाहेबांच्या शुद्ध, नफीस उर्दूचं माझ्या हातून जे काही होणार आहे, त्याची आधीच माफी मागतो.)

आमचं गाव जानेफळच्या बाजूला. गल्लीतून पश्चिम दिसत नाही. मोबाईलचा टॉवर, पाण्याची टाकी आणि आमच्या शेजाऱ्यांचा दुसरा मजला यांनी ती आपसात वाटून घेतली आहे. म्हणून आमचं घर दरवर्षी चांद बघायला गावाबाहेर अब्बांच्या वाडीत जातं. वाडी म्हणजे मेथी, वांगी, कोथिंबीर आणि पश्चिमेच्या बांधावर एक बाभूळ. तेवढी बाभूळ सोडली तर आभाळ मोकळं.

मेथीच्या वाफ्याशेजारी चटई टाकली. खजूर, भजे, कलिंगड मांडलं. अब्बा, अम्मी, धाकटा भाऊ रफीक आणि मी. शेजारच्या वाडीतले गजाननभाऊसुद्धा दरवर्षीप्रमाणे पाण्याची मोटर बंद करून येऊन बसले. रोजा त्यांचा नसतो, पण भज्यांच्या बाबतीत ते कधी भेदभाव करत नाहीत.

अजान झाली. खजूर तोंडात टाकून सगळ्यांनी माना वर केल्या. मी खाली केली.

"सलीम, वर पाह्य," अम्मी म्हणाली. "खाली काय पाहून राह्यला?"

"मुंगळे आले, अम्मी. कलिंगडावर."

"येऊ दे. त्याईचा रोजा नसते."

माझं लक्ष आभाळात लागेना. काळजी करणाऱ्या माणसाला वर बघायची भीती वाटते, कारण वर काही नसलं तर? त्यापेक्षा खालचा कारभार बरा. मुंगळ्यांची कलिंगडापासून बांधापर्यंत रांग लागली होती. वांग्याच्या पानामागे एक कोळी जाळं दुरुस्त करत होता. मेथीत रातकिड्याने किरकिर सुरू केली होती. सगळे आपापल्या कामावर वेळेवर हजर. कोणाला सुट्टीची पंचाईत नाही. मी त्यांचा हेवा करत होतो, तेवढ्यात एक मुंगळा रांग सोडून माझ्या पायजम्यात शिरला.

मी उठून नाचलो.

"दिसला?" रफीक ओरडला.

"चावला!"

"कोन? कुठी?"

"सांगण्यासारखी जागा नाही बे!"

"भाईजान, घरचे चांद पाहून राह्यले अन् तू काऊन डान्स करून राह्यला?"

लाज झाकायला मी खिशातून नवा फोन काढला. हा फोन विकताना दुकानदार म्हणाला होता की याच्यातून चांदावरचे खड्डे दिसतात. (मोरबीच्या रस्त्यावरचे दिसत असतील, त्यात काय!) मी पश्चिमेकडे फोन धरला आणि झूम वाढवत गेलो. आधी एक सरडा दिसला. मग बाभळीची शेंग. मग शेंगेवरचा ढेकणासारखा कुठला तरी किडा, त्याच्या मिशांसकट. पडद्यावर आभाळ सोडून सगळं होतं.

"चांद हाय का प्रानीसंग्रहालय?" रफीक खांद्यावरून डोकावला.

आणि मग ती दिसली.

बाभळीच्या शेंड्याच्या जरा बाजूला, लालसर आभाळावर, एकटी. पातळ, नाजूक, फिकट पिवळी कोर! दोन्ही टोकं वर! फोनने स्वतःहून तिला आणखी उजळ केलं आणि कोपऱ्यात चांदाची छोटीशी खूण दाखवली. फोन म्हणत होता, चांद आहे. फोन माझ्यापेक्षा जास्त शिकलेला. मी कोण त्याला नाही म्हणणार?

"दिसला!" मी किंचाळलो आणि फोटो काढला. "दिसला! उद्या ईद!"

अब्बांनी कपाळावर हात धरून पाहिलं. "मले तं काई दिसत नाई."

"अब्बा, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राह्यलं हाय."

"शेजारच्या डोळ्याचं झालं ना!"

पण अम्मीने फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. "हाव, माय! दिसला व! माह्या सलीमची ईद घरी झाली!" तिने पदर सावरला, बाभळीकडे तोंड केलं आणि दुआला हात उचलले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता एवढं झाल्यावर चांदाची काय बिशाद होती नसण्याची!

पुढचं सगळं फार वेगाने झालं. आमच्या घरात कामं कधीच वेगाने होत नाहीत, चुका होतात. रफीकने फोटो आपल्या स्टेटसला टाकला. तो बीबी गावात राहणाऱ्या आमच्या खालाने, म्हणजे मावशीने, पाहिला आणि तिने तिथल्या तिथे दोन्ही हातांना मेंदी लावून घेतली. गल्लीतल्या पोरांनी फटाक्यांची माळ लावली. अम्मी घरी धावली आणि शीरखुर्म्यासाठी घेऊन ठेवलेलं सगळं दूध एकदम चुलीवर चढवलं. रफीक गर्दी व्हायच्या आधी कटिंग करून घेतो म्हणून न्हाव्याकडे पळाला. गजाननभाऊंनी मला छातीशी धरून 'ईद मुबारक' केलं आणि बायकोला फोन लावला, "आयकतं का, उद्या दुपारी माह्या पोया टाकू नको."

आता एकच काम राहिलं होतं. मशिदीत जाऊन गवाही द्यायची. कारण चांद कोणी पाहिला, कसा पाहिला, याची मौलानासाहेब नीट विचारपूस करतात. त्यांची खात्री झाली तरच ते चिखलीच्या चांद कमिटीच्या लोकांना फोन करतात आणि मग लाउडस्पीकरवर सांगतात. तोवर स्टेटसवरची ईद ही ईद नसते. मी छाती काढून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला प्रश्न विचारणार होतं आणि उत्तर मला येत होतं!

मौलानासाहेब शांत माणूस. त्यांनी मला समोर बसवलं. अब्बा बाजूला बसले. मागे अर्धं गाव.

"सलीममियां, चांद स्वतः पाहिला?"

"हो."

"उघड्या डोळ्यांनी?"

"फोनच्या डोळ्यांनी."

मागे कोणीतरी खोकलं.

"बरं. टोकं कोणत्या बाजूला होती?"

"आधी वर होती."

"आधी?"

"मग डावीकडे झाली." मला वाटलं, काहीतरी खुलासा करायला हवा. "हवा होती ना, मौलाना."

"हवेने चांद फिरला?"

"थोडासाच."

"आणि किती उंचावर होता?"

"पहिले बाभळीच्या शेंड्याले. मग खाली आला."

"किती वेळात?"

"एक भजं खाईस्तोवर."

अब्बा खाली अंथरलेल्या जानमाजच्या नक्षीचा अभ्यास करू लागले. खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःलाही शंका आली. पण माझ्या डोळ्यांसमोर अम्मीचे उचललेले हात होते आणि खिशात ते मेलं तिकीट होतं. मी म्हणालो, "मौलाना, आता चांद नवीन असते. पहिल्या दिवशी बावरते थोडा."

मौलानासाहेब हसले नाहीत. हीच त्यांची मोठी माणुसकी. ते उठले. "चला. जिथून पाहिला, ती जागा दाखवा."

मग निघाली वरात! पुढे मौलानासाहेब, मागे मी, मागे अब्बा, मागे सगळी गल्ली. वाटेत न्हाव्याच्या दुकानातून रफीक बाहेर आला, गळ्यात फडकं, डोक्याची डावी बाजू कापलेली, उजवी तशीच. "काय झालं?" म्हणत तोही सामील झाला. वाडीत पोचलो तोवर चांगलं अंधारलं होतं. गजाननभाऊंनी मोठी बॅटरी आणली आणि बाभळीवर झोत टाकला.

आणि काय सांगू! कोर तिथेच होती!

"पाहा!" मी आनंदाने ओरडलो. "अजून हाय!"

"सलीममियां," मौलानासाहेब हळूच म्हणाले, "एकोणतिसावा चांद असता तरी तो केव्हाच मावळला असता. हा अजून कसा थांबला?"

"आपल्यासाठी थांबला असंन, मौलाना."

तेवढ्यात त्या थांबलेल्या चांदाने पाठ उंच केली, लांब झाला, पुन्हा पाठ उंच केली आणि एका बारीक धाग्यावरून सावकाश बाभळीत वर चढू लागला.

नुसती रातकिड्याची किरकिर ऐकू येत होती. मग गजाननभाऊ बॅटरी जवळ नेत म्हणाले, "अबे, ही तं उंटअळी!"

आमच्याकडे सोयाबीन पेरणाऱ्या कुठल्याही माणसाला उंटअळी माहीत आहे. उंटासारखी पाठ वर काढून चालते. ही बाभळीवरची बहीण असावी. धागा सोडून लोंबकळत होती, अंगाचा वेढा करून आराम करत होती, आणि वाडीजवळच्या खांबावरच्या दिव्याचा उजेड तिच्यावर पडत होता. राहिलेली कामगिरी माझ्या शिकलेल्या फोनने केली.

अब्बा पुढे आले. चष्मा पुसला. नीट वरपर्यंत पाहिलं.

"चांदाले दाग असते, हे आयकलं होतं," ते म्हणाले. "पाय असते, हे आज समजलं."

मग जे हसणं फुटलं, ते जानेफळपर्यंत गेलं असणार. रफीक हसता हसता मेथीत पडला. मौलानासाहेबांनीही शेवटी दाढीवर हात धरला. "मी गवाही तपासायला आलो होतो," ते म्हणाले. "चांदाने स्वतःच चालून दाखवलं, ही त्याची मेहरबानी." घटकाभरात लाउडस्पीकरवर जाहीर झालं: चांद दिसल्याची कुठूनही खबर नाही, उद्या तिसावा रोजा.

गल्लीत आमच्या इज्जतीची जी काही शिल्लक होती, ती रात्री वसूल झाली. बीबीहून खालाचा फोन आला. मेंदीचे हात वर धरून ती बोलत होती, फोन तिच्या नवऱ्याने कानाला लावला होता, त्यामुळे तिच्या शिव्यांच्या मध्ये त्याच्याही शिव्या येत होत्या. न्हाव्याने दुकान बंद केलं होतं, म्हणून रफीक अर्ध्या डोक्याने झोपला.

घरी अम्मी आटलेल्या दुधाच्या पातेल्याशी बसली होती. मी मान खाली घालून म्हणालो, "अम्मी, तुही दुआ मी अळीवर खर्च करवली."

"दुआ वाया जात नसते," ती म्हणाली. "त्या अळीचं भलं झालं असंन." मग पातेलं ढवळत, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मंग उद्या संध्याकाळची गाडी हाय ना तुही?"

"हाव."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. आमची अम्मी बोलली नाही की घरात पंखासुद्धा हळू फिरतो.

गुरुवारी सकाळी मी सेठला फोन करायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे अंगणात फेऱ्या मारल्या. मला मागायची सवय नाही, आभार मानायची आहे. दोन्ही धंदे वेगळे. रफीक (एका बाजूने सभ्य, दुसऱ्या बाजूने गुंड दिसत) सल्ला द्यायला हजरच होता.

"सांग, अम्मी बिमार हाय."

"रोज्यात खोटं बोलता?" अम्मी स्वयंपाकघरातून गरजली. "अन् तेबी मले बिमार पाडून? आपली बुद्धी बिमार हाय म्हणून सांग, ते खरंही होईन!"

शेवटी फोन लावला. सेठ म्हणाला, "हां, बोल." मी म्हणालो, "सेठ, वो... घर में... थोडा... चांद..." एवढंच. सेठ म्हणाला, "चांद काय? निघालास ना?" मी म्हणणारच होतो, 'हो सेठ, मेहरबानी.' जिभेवर आलंच होतं! तेवढ्यात अम्मीने फोन ओढून घेतला.

"सेठजी, मी सलीमची माय बोलते. माह्यं पोरगं कामाचं हाय, पन अकलेनं कसं हाय ते तुमाले म्हाईत असंन." आणि तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. मुंगळा, बाभूळ, हवेने फिरलेला चांद, सगळं. सेठला वऱ्हाडी येत नाही, पण ती ज्या आवाजात सांगत होती तो कुठल्याही भाषेत कळला असता. "तीन वर्षं झाले पोराची ईद घरी नाई. म्हणून त्याले अळीत चांद दिसला, सेठजी. नाईतर इतकाबी येडा नाई तो."

मी मनातल्या मनात दुसरं काम शोधायला लागलो. (गावातल्या न्हाव्याकडे एक अर्धं डोकं शिल्लक होतं, तिथून सुरुवात करता आली असती.) मग पलीकडून कसलातरी घुसमटल्यासारखा आवाज आला. सेठ हसत होता! त्याने फोन स्पीकरवर टाकला, ऑफिसातल्या लोकांना बोलावलं आणि म्हणाला, "बेनजी, एक बार और बोलो."

अम्मीने पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळेला अळी हातभर लांब झाली होती आणि मौलानासाहेब माझ्या पाठीवर हात ठेवून रडले होते.

माझ्या जागेवर उभा असलेला तो माणूसही तिथेच होता. तो म्हणाला, लग्न रविवारी आहे, मी एक पाळी जास्त करतो, त्याला ईद करू द्या. सेठ म्हणाला, "ठीक आहे. पण अळीचा फोटो पाठव." मी फोटो पाठवला. सेठचे आभार मानले, त्या माणसाचे मानले, तिकीट बदलून देणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्याचे मानले. तो म्हणाला, "भाऊ, आभार पुरे, सीट मागची हाय."

शुक्रवारी मी अब्बांच्या खांद्याला खांदा लावून नमाज पढलो. गळाभेटीला आलेला प्रत्येकजण कानात विचारत होता, "आजची ईद पक्की ना, सलीम?" मी प्रत्येकाला शीरखुर्म्याला घरी बोलावलं. अम्मीने वाढताना माझ्या वाटीत दोनदा काजू टाकले आणि कोणी पाहिलं नाही असा चेहरा केला.

परत गेलो तेव्हा कारखान्यात माझं स्वागत झालं. सेठने माझ्याकडे बघून पहिल्यांदा नावाने हाक मारली. ऑफिसात नेलं, भिंतीकडे बोट दाखवलं. त्या भिंतीवर 'महिन्याचा उत्तम कामगार' म्हणून फोटो लावतात. चार वर्षं भट्टीसमोर भाजून निघालो, पण तिथे लागायचं भाग्य माझ्या नशिबी आलं नव्हतं. यंदा माझ्या गावाकडचं कोणीतरी तिथे लागलं होतं, मोठं, रंगीत, फ्रेममध्ये. खाली सेठने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'सलीमची सुट्टी हिने मंजूर करून घेतली.'

अळी छान आली आहे. मी तिचेही आभार मानले.